जोडणारी की तोडणारी?

परवा नात नकाशा भरत बसली होती. मुंबईहून कोलकात्याला जाणारा जलमार्ग दाखवायचा होता. तिने भारत आणि श्रीलंकेच्या मधून सरळ रेघ ओढली. मी म्हटले, "अगं, मोठी जहाजे तिथून जात नाहीत. श्रीलंकेला वळसा घालून जातात."

"का? समुद्र आहे की तिथे!"

समुद्र आहे, पण उथळ. रामेश्वरच्या बेटाचे टोक म्हणजे धनुष्कोडी आणि पलीकडचे तलाईमन्नार यांत जेमतेम तीस किलोमीटर अंतर. मध्ये वाळूच्या आणि चुनखडीच्या उंचवट्यांची रांग, तोच आपला रामसेतू. तिथे काही ठिकाणी पाणी एक-दोन मीटरच खोल आहे. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती, तेव्हा ही सारी जमीनच होती. सेतूच्या दक्षिणेला मन्नारचे आखात, उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी. १७६३ ते १७६७ या काळात मद्रासचा गव्हर्नर असलेल्या रॉबर्ट पाल्कचे नाव तिला मिळाले.

नातीला हे सांगताना माझीच जुनी व्याख्या आठवली. 'दोन जलाशयांना जोडणारी आणि दोन भूभागांना अलग करणारी पाण्याची चिंचोळी पट्टी म्हणजे सामुद्रधुनी.' तीसेक वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली. अलीकडे मात्र तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल मनात शंका येते.

कारण हे पाणी शतकानुशतके वाटच होते. १८९७ च्या जानेवारीत पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद सिलोनहून बोटीने पांबनलाच उतरले. त्याच्या कितीतरी आधीपासून, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, तमिळ मुलखातले भुकेले लोक उलट दिशेने जात होते. इंग्रजांनी सिलोनच्या डोंगरांत आधी कॉफीचे आणि पुढे चहाचे मळे लावले. मजूर आणायचे काम कंगाणीचे, म्हणजे आपल्याकडचा मुकादम. होडीने मन्नारला उतरायचे आणि तिथून जंगल तुडवत कँडीच्या डोंगरांपर्यंत चालायचे. तापाने आणि पटकीने किती माणसे वाटेतच गेली, त्याची मोजदाद नाही.

२४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा रेल्वेपूल खुला झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. मग मद्रासहून कोलंबोपर्यंत एकच तिकीट मिळू लागले. धनुष्कोडीपर्यंत गाडी, तिथून आगबोट, तलाईमन्नारला पुन्हा गाडी. लोक त्या गाडीला 'बोट मेल' म्हणत. माझ्या सासूबाई काशी-रामेश्वर करून आल्या, तेव्हा त्यांनी ती आगबोट पाहिली होती. सेतूची वाळू काशीला न्यायची म्हणून धनुष्कोडीला गेल्या होत्या. "पलीकडे लंका असं वाटलंच नाही, पैलतीराला जावं तशी माणसं चढत होती," असे त्या सांगत.

मग हे पाणी अडले केव्हा?

१९४८ साली सिलोन स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांतल्या बहुतेक तमिळांचे नागरिकत्व गेले. दोन-तीन पिढ्या तिथेच जन्मलेली माणसे कोणत्याच देशाची उरली नाहीत. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचे नंतर बघू. धान्याची पोती वाटावीत तशी ही वाटणी! शास्त्रीजींबद्दल मला अतिशय आदर आहे, तरी हे आकडे वाचताना अजून घास अडकतो. त्या माणसांना कोणी विचारले नव्हते.

मी तेव्हा चौदा वर्षांची. दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ऐकायला आमच्या वाड्यात गर्दी व्हायची. त्या बेटावरची गाणी आम्हाला तोंडपाठ होती, पण ही माणसे आमच्या गावीही नव्हती.

पुढच्याच डिसेंबरमध्ये, २२-२३ तारखेच्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली आगगाडी शंभरावर उतारूंसह समुद्रात गेली. गाव वाहून गेले, ते पुन्हा वसलेच नाही. पांबनचा मोडलेला पूल मात्र ४६ दिवसांत उभा राहिला. ते काम करणारे तरुण अभियंता म्हणजे पुढे आपली कोकण रेल्वे बांधणारे ई. श्रीधरन. बोटीही पुन्हा सुरू झाल्या, आता रामेश्वरहून. त्याच बोटींतून करारातली कुटुंबे कधी न पाहिलेल्या 'मायदेशी' परत आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यादवीच्या सावटात ती वाहतूकही थांबली. म्हणजे वादळाने मोडलेले माणसाने सहा आठवड्यांत सांधले. माणसाने मोडलेले सांधायला पुढे चाळीस वर्षे लागली.

मधल्या काळात पाण्यावर रेघही ओढली गेली. १९७४ च्या करारात २८५ एकरांचे कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेले, १९७६ मध्ये मासेमारीच्या हद्दी ठरल्या. मासळीला रेघ दिसत नाही. आपल्याकडचे कोळी ट्रॉलर घेऊन पलीकडे जातात आणि पकडले जातात. पलीकडचे कोळीही तमिळच, यादवीत होरपळलेले. त्यांची तक्रार अशी, की हे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून नेतात. दोघांचीही पोटे त्याच पाण्यावर. कच्चतीवूच्या संत अँथनीच्या जत्रेला मात्र दोन्हीकडचे लोक येतात.

निवृत्तीनंतर २००९ साली आम्ही दोघे धनुष्कोडीला गेलो. तेव्हा पक्का रस्ता नव्हता, वाळूतून आणि पाण्यातून जीपने जावे लागे. पडके चर्च, स्टेशनच्या भिंती, आणि समोर निळे, शांत पाणी. त्याच वर्षी मे महिन्यात पलीकडचे युद्ध संपले होते. आमचे हे म्हणाले, "एवढंसंच तर अंतर आहे." मी काही बोलले नाही.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टिनम ते कांकेसंतुराई बोट सुरू झाली. मध्ये बंद पडली, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा निघाली. बातमी वाचून सासूबाईंची फार आठवण आली.

नातीने रेघ खोडून वळसा काढला. मग व्याख्या विचारली. मी सांगितली जुनीच, परीक्षेत तीच लिहावी लागते. पण तिला एवढे जोडून सांगितले, की बाळा, पाणी फक्त मध्ये असते. अलग आपण होतो.