बोटाने फिरणारा रेणू

क्षयाच्या जंतूत कॅट-जी नावाचे एक विकर असते. आयसोनियाझिड हे औषध पोटात गेले तरी स्वतःहून काही करत नाही. हे विकर त्याला जागे करते, मगच ते जंतूवर उलटते. विकराच्या साखळीत 315व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन आले की हे जागे करणेच बिघडते आणि औषध वाया जाते. वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील बायोइन्फर्मेटिक्स केंद्रात क्षयजंतूच्या अशा प्रथिनांवर संगणकाने काम झाले आहे. पण 315व्या जागेचा हा बिघाड फळ्यावर समजावताना शिक्षकाची दमछाक होते. थ्रिओनीनचा जादा मिथाइल गट विकरातल्या हीम या लोहयुक्त गटाकडे जाणारी वाट अरुंद करतो, हे दिसायला रेणू फिरवून त्या वाटेच्या तोंडाशी नजर न्यावी लागते.

रेणू फिरवण्याची ही सोय सुरू झाली अमेरिकेत, एमआयटीमध्ये. 1960च्या दशकाच्या मध्यावर सायरस लेविन्थॉल आणि सहकाऱ्यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर प्रथिनांचे रेषाचित्र आणले. शेजारी हातात मावेल असा एक गोळा होता. तो वळवला की चित्र वळे. माउस तेव्हा प्रयोगशाळेबाहेर कोणाला माहीतही नव्हता. त्यामुळे टॅबवर रेणू फिरवणाऱ्या बोटाला मी माहेरवाशीण म्हणेन. मधली वर्षे घर माउसने चालवले, एवढेच.

माउसचे राज्य पक्के केले रास्मोलने. रॉजर सेल यांनी 1993मध्ये हा प्रोग्रॅम फुकट वाटला आणि साध्या संगणकावर प्रथिने फिरू लागली. डावे बटण दाबून ओढले की रेणू वळे, शिफ्ट धरून ओढले की जवळ येई. 1996च्या चाइम या ब्राउझर-जोडणीने तेच वेबपानात बसवले. पुढे जेमॉल आला, वेबपानात चालणाऱ्या जावा प्रोग्रॅमच्या म्हणजे ॲप्लेटच्या रूपात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने जेमॉलचे धडे भारतीय भाषांतही केले, तेव्हा इंग्रजीला बिचकणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो जवळचा झाला.

आणि 2010मध्ये आयपॅड आला. त्यात जावा नव्हतेच. शिक्षकांनी वर्षानुवर्षे रचलेली पाने टॅबवर उघडली की रेणूच्या जागी रिकामा चौकोन. अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्येही ॲप्लेट चालत नव्हते. आपल्याकडे ऑक्टोबर 2011मध्ये स्वस्त ‘आकाश’ टॅबचा गाजावाजा झाला, पण त्याचा पडदा रेझिस्टिव्ह होता. असा साधा पडदा एका वेळी एकच स्पर्श ओळखतो, मग चिमटीने रेणू मोठा कसा करणार? नोव्हेंबर 2012च्या आकाश-2मध्ये एकाहून अधिक स्पर्श ओळखणारा कपॅसिटिव्ह पडदा आला. त्या कामाची धुरा आयआयटी मुंबईच्या दीपक फाटक यांच्याकडे होती. यंत्र सुधारले तरी जावाचा प्रश्न होता तिथेच.

तो सोडवला मिनेसोटातील सेंट ओलाफ कॉलेजच्या बॉब हॅन्सन यांनी. जेमॉल नव्याने लिहिण्याच्या फंदात ते पडले नाहीत. झोउ रेनजियान यांच्या जावा-टू-स्क्रिप्ट या साधनाने त्यांनी जावाचा अख्खा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये उतरवला. 2013च्या सुमारास जेएसमॉल हाती आला. जुन्या आज्ञा तशाच राहिल्याने जुनी पाने थोड्या डागडुजीवर जगली. या साऱ्या कुळात मला हेच काम सर्वांत शहाणपणाचे वाटते. वेग मात्र बेताचा. कॅट-जीसारखी 740 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांची जोडी फिरवताना तो अडखळे. 2014मध्ये आयपॅडच्या सफारीत वेबजीएल आले, ग्राफिक्स चिपची ताकद ब्राउझरला मिळाली, आणि थ्रीडीमोल, एनजीएल, पुढे मोलस्टार अशी नवी पिढी उभी राहिली.

बोटाची भाषा बसवणे त्यामानाने किरकोळ काम, असे वाटते. तसे ते नव्हते. एका बोटाने वळवणे आणि चिमटीने लहानमोठे करणे सहज जमले. पण माउसचा बाण अणूवर नुसता थांबला की नाव दिसे. बोटाला असे ‘नुसते थांबणे’ येत नाही. शिवाय ज्या अणूचे नाव हवे, तोच बोटाखाली झाकला जातो. दुसरी पंचाईत पानाची. रेणूवर बोट ओढले तर ब्राउझरला वाटते, पान सरकवायचे आहे. म्हणून रेणूच्या चौकटीत ब्राउझरला गप्प बसवावे लागते. आणि चौकट पडदाभर मोठी असेल तर पान सरकवायला जागाच उरत नाही. शहाणा शिक्षक चौकटीच्या कडेला बोटभर पट्टी मोकळी सोडतो. उजव्या बटणाच्या मेनूचे काय, हा प्रश्न उरतो. जेएसमॉलमध्ये चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात प्रोग्रॅमचे नाव दिसते. त्यावर टिचकी मारली की तो मेनू उघडतो.