धुरातली कमाई

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकांखाली लिंबे ठेवतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि पेढे वाटून मोकळे होतो. ज्या यंत्राची पूजा केली त्याच्या पोटात काय आहे, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेले असते. जात्याला टाकी केव्हा लावायची हे आपल्या आजीला ठाऊक होते. शिवणयंत्राला तेल कोठे आणि किती थेंब घालायचे हे आईला माहीत होते. नातवाच्या गाडीला काय हवे, हे मात्र शोरूममधला टाय बांधलेला मुलगा सांगतो, आणि तो सांगेल त्या कागदावर नातू सही करतो.

मी मराठी शिकवणारा शाळामास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. यंत्रांचा आणि माझा तसा संबंध नाही. पण धायरीत राहणाऱ्या माणसाची यंत्रांपासून सुटका नसते. धारेश्वराच्या देवळाची घंटा आणि पत्र्याच्या शेडमधल्या लेथचा आवाज इथे एकदमच कानी पडतो. धायरी २०१७ साली महापालिकेत आली. गावाची नगरी झाली आणि दर दुसऱ्या दारात मोटार उभी राहिली. यांतल्या पुष्कळ मोटारींच्या पाठीवर किंवा जाहिरातीत 'टर्बो' हा शब्द असतो. हा टर्बो आला कोठून, त्याला काय सोसवते, काय सोसवत नाही, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि खिशाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

लोहाराचा भाता आपण सर्वांनी पाहिला आहे. भात्याने वारा घातला की निखारा फुलतो. इंजिनाचेही तसेच आहे. जास्त हवा मिळाली, तर जास्त इंधन जळते आणि जास्त जोर मिळतो. पण भाता हलवणार कोण? स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गावच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियराने त्याचे उत्तर काढले. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर वायाच जातो. त्याच्या वाटेत एक चक्र बसवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवावा, आणि धुराने चक्र फिरले की पंख्याने ताजी हवा इंजिनात कोंबावी! भट्टीचा धूरच भाता हलवणार. १९०५ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले.

कल्पना सुचणे वेगळे आणि ती चालणे वेगळे. इतका ताप सोसणारा धातू त्या काळी सहज मिळत नव्हता. ब्यूखीला खरे यश यायला वीस वर्षे लागली. १९२५ च्या सुमारास त्याने डिझेल इंजिनाचा जोर चाळीस टक्क्यांनी वाढवून दाखवला, आणि १९२६ साली दोन जर्मन प्रवासी जहाजांची इंजिने १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. मधल्या काळात, १९१८ साली, सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनियराने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर नेऊन पाहिले. उंचावरच्या विरळ हवेत इंजिन धापा टाकते. टर्बो लावताच त्याचा गेलेला जोर परत आला. आपल्या इथून सिंहगड चढताना टर्बोची गाडी फारशी दमत नाही, त्याचे मूळ त्या डोंगरावर आहे.

आता आपण पुण्याकडे येऊ. १९६२ हे साल या गोष्टीत मोठे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत गालब्रेथ त्याच्या उद्घाटनाला आले होते. त्याच वर्षी अमेरिकेहून आल्को कंपनीची नवी डिझेल इंजिने आपल्या रेल्वेसाठी आली, आणि १९६४ पासून बनारसला ती इथेच बनू लागली. २६०० अश्वशक्तीची ही इंजिने पुण्याहून सोलापूरकडे जाताना कित्येक वाचकांनी पाहिली असतील. गाडी सुटताना ती काळ्या धुराचा लोट सोडीत. इंधन लगेच पोचे. पण टर्बोचे चक्र वेग घेईपर्यंत हवा कमी पडे, म्हणून तो धूर. फलाटावर नाकाला रुमाल लावणाऱ्या आपल्याला टर्बोचा स्वभाव तेव्हाच दिसला होता: त्याला घाई सोसत नाही.

कोथरूडला कारखाना काढणाऱ्या कमिन्स कंपनीची एक हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. १९५२ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत तिने टर्बो लावलेली डिझेलची मोटार उतरवली. पेट्रोलच्या चपळ गाड्यांना मागे टाकून तिने पहिल्या जागेवरून सुटण्याचा मान मिळवला. लोक चकित झाले! पण ७१व्या फेरीला ती थांबली. कारण काय? टायरांच्या रबराचा चुरा आणि रस्त्यावरचा कचरा हवेच्या तोंडाशी जाऊन बसला होता. एवढा पराक्रमी भाता, पण नाक चोंदल्याने हरला. नऱ्हे-धायरीच्या धुळीत रोज गाडी हाकणाऱ्याने एअर फिल्टर वेळेवर का झाडावा आणि बदलावा, याचा याहून चांगला धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळणार?

दुसरा धडा पुन्हा १९६२ चाच. त्या साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार घरगुती गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणली. इंजिनात अवेळी स्फोट होऊ नयेत म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण लागे. त्यासाठी वेगळी टाकी होती. ती संपली की भरायची. मालकांनी ती भरली नाही. पेट्रोल भरायचे हे त्यांना ठाऊक होते. हे दुसरे पाणी कशासाठी, हे त्यांच्या मनावर कोणी नीट बिंबवले नव्हते. गाड्या कुरकुरू लागल्या. विक्री दहा हजारांवरही गेली नाही. शेवटी १९६५ साली कंपनीने विक्रेत्यांमार्फत टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. यंत्र हुशार होते. ते विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून त्याचा घात केला. माहिती दुकानातून घरापर्यंत पोचली नाही, एवढेच तिथे घडले.

टर्बोला हवे असते तरी काय? लहान मोटारीतल्या टर्बोचे चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. त्याचा दांडा ऑईलच्या पातळशा थरावर तरंगत असतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका बाजूचा धूर नऊशे अंशांपर्यंत तापतो. तेव्हा ऑईल जुने, जळके किंवा भलत्याच जातीचे असेल, तर दांडा घासणारच. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद केले, की ऑईलचा प्रवाह थांबतो आणि अडकलेले ऑईल तापून करपते. म्हणून जुने ट्रकवाले गाडी उभी केल्यावर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवीत. ते बिडी पेटवीत आणि टर्बो निवे. आज पुष्कळ गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळवलेले असते, काहींत तर इंजिन थांबल्यावरही पंप चालतो. तरीही घाटातून किंवा हमरस्त्यावरून आल्यावर अर्धा-एक मिनिट थांबायला पैसा पडत नाही. आणि सकाळी गार इंजिन सुरू करताक्षणी पाय दाबू नये. ऑईल वर चढू द्यावे.

गाडीबरोबर मिळणारी पुस्तिकाही वाचावी. तिच्यात ऑईलची जात आणि बदलण्याची मुदत दिलेली असते. तिच्या एका कोपऱ्यात बहुधा असेही लिहिलेले असते, की धुळीचे रस्ते, जवळचे फेरे आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक असेल, तर मुदत कमी धरावी. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहाला अडकलेल्या माणसाला ही तिन्ही विशेषणे लागू आहेत.

इतके साधे असताना गाडीवाला घाबरतो का? दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या डिझेल गाडीचा जोर गेला. चढावर शिट्टी वाजे आणि मागून काळा धूर येई. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरात मला पन्नास हजारांवरचे एस्टिमेट मिळाले. टर्बोच बदलावा लागेल, असा निर्वाळा. सोबत तीन वर्षांच्या पॅकेजचा रंगीत कागदही पुढे आला. मी सही न करता गाडी धायरी फाट्याजवळच्या मिस्त्रीकडे आणली. त्याने इंजिन चालू ठेवून कान दिला, साबणाचे पाणी शिंपडले आणि म्हणाला, "गुरुजी, टर्बो ठणठणीत आहे. त्याची हवा वाटेतच गळतीय." रबरी होज पाइप चिरला होता. नवा पाइप, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून काम अडीच हजारांत झाले.

मोठ्या दुकानांत सारेच लुबाडणारे बसले आहेत, असे मी म्हणणार नाही. तिथे स्कॅनर असतात, खास हत्यारे असतात, शिकलेले कारागीर असतात. वॉरंटी चालू आहे तोवर गाडी तिथेच न्यावी आणि प्रत्येक बिल जपून ठेवावे, हे शहाणपणाचे. पण कागदांतला फरक ओळखावा. वॉरंटी ही कंपनीने आपल्या मालाबद्दल दिलेली हमी. ती गाडीच्या किमतीतच आली. वाढीव वॉरंटी म्हणजे तीच हमी पैसे मोजून लांबवलेली. सर्व्हिस पॅकेज म्हणजे ऑईल, फिल्टर आणि मजुरी यांचे आगाऊ भरलेले पैसे. मोडलेला टर्बो त्यात सहसा बसत नाही. तेव्हा सहीपूर्वी एकच प्रश्न विचारावा: यात काय येत नाही? आणि पुस्तिकेत नसलेली औषधे, इंजिन धुण्याची असोत की चकाकी आणण्याची, नम्रपणे नाकारावीत.

या प्रश्नाला कायद्याची बाजूही आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाही, हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने सांगितले. कंपन्या अपिलात गेल्या आणि वाद वरच्या पायऱ्या चढत राहिला. पुढे २०२२ च्या डिसेंबरात ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक माहितीचे दालन उघडले. त्यात मोटारींनाही जागा आहे.

मला यात आमच्या मिस्त्रीचे भवितव्य दिसते. पुण्याजवळ रांजणगावला फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे. २००७ पासून ते स्विफ्टमध्येही बसले, अनेक कंपन्यांच्या गाड्यांत गेले, आणि २०२० साली प्रदूषणाचे नवे नियम आले तेव्हा थांबले. ते इतके पसरले, की गल्लीबोळातल्या कारागिरांनी त्याचा टर्बो खोलून, पुसून, जोडून शिकून घेतला. त्यांना कोणी पदवी दिली नाही. हाताला ऑईल लागले आणि विद्या आली. आजच्या गाड्यांत ही विद्या कुलपात आहे. किल्ली एका संगणकात आहे आणि संगणक शोरूममध्ये आहे. ज्याने हजारो गाड्या रस्त्यावर ठेवल्या त्या माणसाला 'हे तुझ्याने होणार नाही' असे सांगण्याची वेळ आली, तर नुकसान त्याचे एकट्याचे होणार नाही. आडगावच्या घाटात रात्री बंद पडलेल्या गाडीपाशी शोरूम येत नाही; बॅटरी घेऊन येतो तो जवळच्या गॅरेजचा पोऱ्याच.

ब्यूखीने वाया जाणाऱ्या धुरातून कमाई काढून दाखवली. त्या कमाईत वाटा कोणाचा, हे मात्र अजून ठरायचे आहे. वाचकहो, या दिवाळीत फराळानंतर अर्धा तास काढा. गाडीच्या कप्प्यातली ती पुस्तिका बाहेर काढा, मुलांना जवळ बसवा आणि ऑईलच्या जातीचे पान मोठ्याने वाचा. मग बॉनेट उघडून ऑईलची पट्टी कोठे आहे ते त्यांना दाखवा. पट्टी पुसून पुन्हा आत घालायची आणि मग पातळी पाहायची, एवढे त्यांना आले, तरी जात्याची टाकी ओळखणाऱ्या पणजीची विद्या घरात राहिली असे म्हणता येईल.