टीपॉयवरचे चार रिमोट आणि एक उपाय: युनिव्हर्सल रिमोट चालतो कसा आणि घरी प्रोग्रॅम कसा करायचा?

टीव्हीचा रिमोट वेगळा, सेट टॉप बॉक्सचा वेगळा, साउंडबारचा वेगळा आणि ओटीटीच्या स्टिकचा आणखी वेगळा. आजकाल टीपॉयवर चार रिमोट दिसले तर कुणाला काही वाटतही नाही. पण आधी कुठला दाबायचा, आवाज कशावरून वाढवायचा आणि स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ आलं तर काय करायचं, हे घरातल्या एखाद्यालाच पक्कं माहीत असतं. ती व्यक्ती ऑफिसला गेली की आजी-आजोबांची मालिका बुडते. नाहीतर भर मीटिंगमध्ये फोन येतो, “अगं, टीव्ही निळा झालाय, काय दाबू?”

यावर उपाय आहे, तो म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा युनिव्हर्सल रिमोट. काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असे रिमोट मिळतात. पण अनेक जण तो घेतात, दोन दिवस खटपट करतात आणि मग ड्रॉवरमध्ये टाकून देतात. असं का होतं आणि ते टाळायचं कसं, तेच समजून घेऊया.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

बहुतेक रिमोटच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. त्यातून इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो. या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते.

पण इन्फ्रारेड तर उन्हातही असतं, जुन्या पिवळ्या बल्बमध्येही असतं. मग टीव्हीचा गोंधळ का होत नाही? कारण रिमोट तो प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकवतो. टीव्हीतला रिसीव्हर फक्त या ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाकडेच लक्ष देतो, बाकीचा सोडून देतो.

या लुकलुकण्यात कोड लपलेला असतो. उदाहरण म्हणून ‘एनईसी’ ही खूप वापरली जाणारी पद्धत बघा. यात सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा एक लांब इशारा जातो, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि त्यानंतर ३२ बिट्स. पहिला भाग सांगतो ‘कुठल्या यंत्रासाठी’, दुसरा सांगतो ‘काय करायचं’. मूळ पद्धतीत दोन्ही गोष्टी एकदा सरळ आणि एकदा उलट्या करून पाठवल्या जातात, म्हणजे वाटेत गडबड झाली तर रिसीव्हरला कळतं.

फिलिप्सने स्वतःची ‘आरसी-५’ नावाची पद्धत काढली, ती ३६ हजारांच्या वेगाने चालते. सोनीची पद्धत ४० हजारांच्या वेगाची. देवनागरी लिपी एकच, पण त्यात मराठीही लिहितात, हिंदीही आणि नेपाळीही. तसंच हे आहे. प्रकाश एकच, भाषा वेगवेगळ्या. युनिव्हर्सल रिमोट म्हणजे यातल्या अनेक भाषा बोलणारा दुभाष्या.

ही कल्पना आली कुठून?

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचा बिनवायरचा रिमोट आणला. तो टॉर्चसारखा टीव्हीच्या कोपऱ्यांवर मारायचा. अडचण अशी, की ऊन पडलं तरी टीव्ही आपोआप चालायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी आवाजावर चालणारा रिमोट तयार केला. त्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की आत एक छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा ध्वनी निघायचा.

पुढे इन्फ्रारेड रिमोट आले आणि घरातली यंत्रं वाढली तसे रिमोटही वाढले. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी ॲपलमधून बाहेर पडल्यावर ‘सीएल ९’ ही कंपनी काढली. १९८७ मध्ये त्यांनी ‘कोअर’ नावाचा रिमोट बाजारात आणला. दुसऱ्या रिमोटचे सिग्नल बघून ते शिकून घेणारा हा सुरुवातीचा प्रोग्रॅमेबल रिमोट. ‘शिकणारा रिमोट’ ही त्याची कल्पना आजही वापरात आहे.

तीन प्रकार ओळखा

*कोड टाकायचा रिमोट:* यात वेगवेगळ्या कंपन्यांचे कोड आधीच भरलेले असतात. सोबतच्या माहितीपत्रकातला आकडा टाकायचा की झालं. स्वस्त आणि सोपा. पण यंत्र फार नवं किंवा अनोळखी कंपनीचं असेल, तर कोड नसण्याची शक्यता असते.

*शिकणारा रिमोट:* जुना रिमोट समोरासमोर धरायचा, त्याचं बटण दाबायचं आणि नवा रिमोट तो सिग्नल साठवून घेतो. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, मूळ रिमोट चालू असला की बहुतेक वेळा काम होतं. आपल्याकडे अनेक सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीचं पॉवर आणि आवाजाची बटणं अशीच शिकवता येतात. त्यामुळे नवा रिमोट घेण्याआधी हातातला एकदा नीट बघा.

*मॅक्रो किंवा ॲक्टिव्हिटीचा रिमोट:* एक बटण दाबलं की ओळीने अनेक सिग्नल जातात. टीव्ही चालू, साउंडबार चालू, इनपुट बदल. ‘सिनेमा बघायचाय’ एवढं सांगायचं, बाकी तो बघतो.

प्रोग्रॅम कसा करायचा?

१. आधी यादी करा. प्रत्येक यंत्राची कंपनी आणि मॉडेल नंबर लिहा. मॉडेल नंबर बहुतेक वेळा यंत्राच्या मागे किंवा खाली स्टिकरवर असतो.

२. कुठला रिमोट इन्फ्रारेडवर चालतो ते तपासा. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर पांढरा-जांभळा ठिपका लुकलुकला तर इन्फ्रारेड आहे. अनेक फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर फिल्टर असतो, म्हणून सेल्फी कॅमेऱ्यानेही बघा.

३. इथे एक मोठी मेख आहे. फायर टीव्ही स्टिकसारख्या यंत्रांचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो. त्यातून इन्फ्रारेड निघतं, पण ते टीव्हीच्या आवाजासाठी आणि पॉवरसाठी. म्हणजे ठिपका दिसला तरी साधा इन्फ्रारेड रिमोट स्टिक चालवू शकणार नाही. म्हणून आवाजाचं बटण दाबून समाधान मानू नका, बाणांची बटणंही तपासा.

४. नवे सेल टाका. अर्धवट उतरलेल्या सेलवर प्रोग्रॅमिंग मध्येच अडकतं. जुन्या आणि स्वस्त रिमोटमध्ये सेल काढले की साठवलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं, तेही माहितीपत्रकात बघून घ्या.

५. कोड टाका. साधारण पद्धत अशी: सेटअपचं बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरा, यंत्राचं बटण दाबा, मग कोड टाका. प्रत्येक कंपनीचा क्रम थोडा वेगळा असतो. कोड माहीत नसेल तर ‘ऑटो सर्च’ची सोय वापरा. यात रिमोट एकामागून एक कोड पाठवत राहतो आणि टीव्ही बंद झाला की आपण थांबवायचं.

६. फक्त पॉवर चालला म्हणून खूश होऊ नका. एका कंपनीचे अनेक कोड असतात आणि बऱ्याचदा पॉवर चालतो, पण मेन्यू किंवा इनपुट चालत नाही. आवाज, म्यूट, इनपुट, मेन्यू, बाण आणि बॅक ही बटणं तपासून मगच कोड कायम करा.

७. राहिलेली बटणं शिकवा. दोन्ही रिमोट सपाट टेबलावर, टोकाला टोक करून, दोन-चार सेंटीमीटरवर ठेवा. थेट उन्हात हे काम करू नका. बटण किती वेळ दाबायचं ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. नको तितका वेळ दाबलं तर काही रिमोट तो सिग्नल चुकीचा साठवतात.

८. आवाजाची बटणं एकाच यंत्राला जोडा. साउंडबार असेल तर कुठल्याही मोडमध्ये आवाज साउंडबारचाच कमी-जास्त व्हायला हवा. ही सोय असलेला रिमोट घेतला तर घरातली निम्मी भांडणं मिटतात.

एका बटणात सगळं… पण टीव्ही बंद का झाला?

मॅक्रो लावल्यावर सगळ्यात जास्त तक्रार हीच येते. ‘सिनेमा’ बटण दाबलं, साउंडबार चालू झाला, पण आधीच चालू असलेला टीव्ही बंद पडला.

कारण सोपं आहे. बहुतेक रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी एकच पॉवर बटण असतं. त्याचा अर्थ ‘चालू हो’ असा नसतो, ‘आहेस त्याच्या उलट हो’ असा असतो. आणि इन्फ्रारेड ही एकतर्फी बातचीत आहे. टीव्ही चालू आहे की बंद, हे रिमोटला उलट कळायची सोय नाही.

यावरचा उत्तम उपाय म्हणजे स्वतंत्र कोड: ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’. अनेक टीव्हींना असे कोड समजतात, मात्र कंपनीने दिलेल्या रिमोटवर त्यांची बटणंच नसतात. इनपुटचंही तसंच. ‘सोर्स’ दाबत पुढे जाण्याऐवजी थेट ‘एचडीएमआय १’वर नेणारा कोड मिळाला तर मॅक्रो कधी चुकत नाही. चांगल्या रिमोटच्या कोड यादीत हे सापडतात.

ते नसतील तर दोन गोष्टी करा. एक, पॉवर मॅक्रोमध्ये घेऊच नका, हाताने दाबा. दोन, मॅक्रोच्या दोन सिग्नलमध्ये थोडा वेळ सोडा. टीव्ही चालू व्हायला काही सेकंद लागतात आणि त्या वेळात पाठवलेला इनपुटचा सिग्नल वाया जातो.

रिमोट घेण्याआधी हे फुकटात करून बघा

तुमची यंत्रं एचडीएमआय केबलने जोडलेली असतील, तर त्याच केबलमधून ती एकमेकांना इशारे देऊ शकतात. या सोयीचं नाव एचडीएमआय-सीईसी. पण कंपन्यांनी तिला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगमध्ये ‘ॲनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिंपलिंक’, सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा, साउंडबार ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टला जोडा. स्टिक सुरू केली की टीव्हीही चालू होईल आणि टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज बदलेल. सगळी यंत्रं हे सारखं पाळत नाहीत, पण अनेक घरांत एवढ्यावरच चार रिमोटचे दोन होतात.

मग मोबाइलच रिमोट केला तर?

होऊ शकतो. शाओमीच्या अनेक फोनमध्ये इन्फ्रारेड एलईडी असतो आणि ॲपमधून टीव्ही, एसी, सेट टॉप बॉक्स चालवता येतात. ज्या फोनमध्ये तो नाही, त्यांच्यासाठी वायफायवर चालणारे छोटे इन्फ्रारेड हब मिळतात. फोन हबला सांगतो, हब यंत्राला सांगतो. इन्फ्रारेड भिंतीपार किंवा बंद लाकडी दारापलीकडे जात नाही, त्यामुळे हब यंत्रांच्या समोर हवा.

पण एक विचार करा. फोन खिशात घालून तुम्ही बाहेर पडलात की घरात रिमोटच उरत नाही. ज्यांना ही सोय खरी हवी आहे, त्या आजी-आजोबांसाठी हातात धरायची, बोटांना जाणवणारी बटणंच बरी.

आणि कंपनीने गाशा गुंडाळला तर?

या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव होतं लॉजिटेकचा ‘हार्मनी’. लॉजिटेकने २००४ मध्ये एक कॅनेडियन कंपनी विकत घेऊन हे रिमोट आपल्याकडे घेतले. मॅक्रो लिहायची कटकट नाही, यंत्रांची नावं सांगा, ‘ॲक्टिव्हिटी’ निवडा, बस्स. कुठलं यंत्र चालू आहे याची नोंद तो स्वतः ठेवायचा आणि गडबड झाली तर ‘हेल्प’ बटण दाबल्यावर प्रश्न विचारून दुरुस्त करायचा.

एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने हार्मनी रिमोट बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. आधीच्या ग्राहकांना सेवा देत राहू, असंही सांगितलं. पण ग्राहकांच्या मनात प्रश्न उरला तो उरलाच. कारण या रिमोटचं सेटिंग कंपनीच्या ऑनलाइन खात्यात राहायचं. सर्व्हर आहे तोवर नवं यंत्र जोडता येणार. उद्या तो बंद झाला तर?

म्हणून विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा रिमोट इंटरनेट नसताना प्रोग्रॅम करता येतो का? सेल बदलल्यावर सेटिंग टिकतं का? शिकवण्याची, म्हणजे ‘लर्निंग’ची सोय आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर कंपनी राहो न राहो, रिमोट तुमचाच राहील.

शेवटचं काम

चालू झालेले कोड एका कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा. मूळ रिमोट टाकून देऊ नका, सेल काढून पिशवीत जपून ठेवा. सेल आत राहिले तर गळून रिमोट खराब करतात. पुढे काही शिकवायचं झालं तर हेच रिमोट लागतील.

आणि मग नवा रिमोट घरातल्या सगळ्यात कमी ‘टेक्निकल’ माणसाच्या हातात द्या, स्वतः आठवडाभर लुडबुड करू नका. त्यांनी कुठलं बटण दोनदा दाबलं, कुठे अडकले ते बघा आणि तेवढंच बदला. त्यांना फोन न करता मालिका लावता आली, की प्रोग्रॅमिंग जमलं म्हणायचं.