बोलपटाचे आगमन आणि भाषेचा प्रश्न : गिरगाव, १९३१-३२

मूकपटाला भाषा नव्हती हे विधान पुरते खरे नाही. त्याला मजकुराच्या पाट्यांची भाषा होती. मात्र एकाच पटात ती एकाहून अधिक लिप्यांतून देता येई. त्यामुळे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'पुढे प्रेक्षक कोणत्या भाषेचा, हा प्रश्न उद्भवला नाही. १४ मार्च १९३१ रोजी त्याच गिरगावातील मॅजेस्टिकमध्ये अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला आणि ही सोय संपली.

ध्वनिमुद्रण चित्रणासोबतच होई. स्टुडिओशेजारून धावणाऱ्या आगगाड्यांमुळे कामही बहुतांशी रात्री चाले. परंतु खरी अडचण उच्चारांची होती. मूकपटांचे आघाडीचे नायक मास्टर विठ्ठल यांना हिंदुस्थानी संवाद पेलेनात, म्हणून त्यांचे पात्र बराच काळ ग्लानीत दाखविण्यात आले! अभिनयाचे पहिले ऑस्कर पारितोषिक मिळविणारे एमिल यानिंग्स यांनाही इंग्रजी उच्चारांपायी हॉलिवूड सोडून जर्मनीस परतावे लागले होते. त्यांचा 'ब्ल्यू एंजल' १ एप्रिल १९३० रोजी बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी तो जर्मन व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, त्याच नटसंचासह, एकाच वेळी चित्रित केला होता.

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये हाच मार्ग पत्करला. व्ही. शांताराम दिग्दर्शित, पहिला मराठी बोलपट म्हणून गणला जाणारा 'अयोध्येचा राजा' मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. हे जर्मनीचे अनुकरण मानण्याचे कारण नाही. अडचण एकच असल्याने तोडगाही एकच निघाला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. फाळक्यांच्या पटात तारामती पुरुष नटाने साकारली होती. येथे ती गिरगावच्या सुशिक्षित घरातील दुर्गा खोटे यांनी केली. पार्श्वगायन अद्याप यावयाचे असल्याने नटालाच गावे लागे. साहजिकच नायक व संगीतकार या दोन्ही नात्यांनी संगीत रंगभूमीवरील गोविंदराव टेंबे आले. मूकपटाने मल्लविद्या जाणणाऱ्या नटांना जे स्थान दिले होते, ते आता गळ्याकडे गेले. या घडामोडीत रंगभूमीने किती कमावले आणि किती गमावले, याचा हिशेब मात्र आपल्याकडे मूकपटातील नटांना वगळूनच मांडला जातो.

'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. अभ्यासकास छायाचित्रे व जाहिराती यांवरच भिस्त ठेवावी लागते. 'अयोध्येचा राजा' मराठीत आजही पाहता आणि ऐकता येतो.