विद्यापीठीय अध्यापकांचे अध्यापन-प्रशिक्षण : एक ऐतिहासिक टिपण

पुणे-नाशिक रस्त्यावरील भोसरी हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे या गावच्या शिवारात कारखान्यांची वसाहत वाढत गेली. कारखान्यांबरोबर काम शिकविण्याची एक रीतही येथे रुजली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्याने नव्या कामगाराचे शिक्षण ही कारखानदाराचीही जबाबदारी ठरविली. १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था भोसरीसच असून रस्ते-वाहतुकीच्या व्यवसायातील माणसांना ती प्रशिक्षण देते. याच गावातील महाविद्यालयात मात्र नवा प्राध्यापक पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षा यांच्या बळावर सरळ वर्गात उभा राहतो. अध्यापनाचे शिक्षण घेतलेले असावे, अशी अट त्याच्या नेमणुकीस नाही. ही विसंगती कशी उत्पन्न झाली, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

शालेय शिक्षकास प्रशिक्षण हवे, हे तत्त्व आपल्याकडे पूर्वीच मान्य झाले होते. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये निघाले. विद्यापीठाची गोष्ट निराळी होती. १८५७ चे मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर प्रारंभी केवळ परीक्षा घेणारे होते. शिकविणे हे महाविद्यालयाचे काम, आणि ते करणाऱ्याची पारख त्याच्या स्वतःच्या पदवीवरून व विद्वत्तेवरून होई. ज्याला विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, हे गृहीतच धरलेले होते. विद्यार्थी थोडे आणि बहुतेक सुशिक्षित घरांतले, तोवर या समजुतीतील उणीव झाकली गेली. वर्गात जे समजले नाही ते पुष्कळदा घरी समजून घेता येई. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हाही ही समजूत ढळलेली नव्हती.

तिला स्पष्ट धक्का दिला तो कोठारी आयोगाने. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाने नव्या विद्यापीठीय अध्यापकांसाठी नियमित उद्बोधन वर्ग भरवावेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यांना कायम स्वरूप द्यावे, अशी शिफारस केली. ब्रिटनमध्येही १९६४ च्या हेल समितीने विद्यापीठातील अध्यापनपद्धतींचा विचार केला होता; म्हणजे हा प्रश्न केवळ आपलाच नव्हता. शिफारशीला व्यापक मूर्तरूप येण्यास मात्र दोन दशके लागली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना आखली. नव्यांसाठी उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी उजळणी वर्ग, अशी तिची विभागणी होती. २०१५ च्या सुमारास या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले. २०२३ मध्ये ती मालवीय मिशनची शिक्षक-प्रशिक्षण केंद्रे झाली.

नावे पालटली, तरी मूळचा एक दोष टिकून राहिला. हे वर्ग बढतीच्या अटींना जोडले गेले. त्यामुळे वर्गांना उपस्थिती लाभली, हे खरे. परंतु प्रशिक्षणाचा हेतू प्रमाणपत्रापाशीच थांबण्याचा धोकाही त्यातूनच उद्भवला. शिवाय प्रशिक्षण नेमणुकीपूर्वी नव्हे, तर नेमणुकीनंतर, कित्येकदा काही वर्षांनी मिळू लागले. पहिल्या वर्षांतील विद्यार्थ्यांवरच अध्यापकाने आपले प्रयोग करावे, असा त्याचा अर्थ होतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची स्थिती तर अधिकच बिकट आहे. ज्यांना बढतीच नाही, त्यांना बढतीशी बांधलेली ही व्यवस्था कशी ओढून घेणार? पात्रता परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनक्षमतेवर प्रश्न असतात, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु पोहण्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे लिहिणे निराळे आणि पाण्यात उतरणे निराळे.

भोसरीसारख्या ठिकाणी या प्रश्नाचे गांभीर्य विशेष जाणवते. कामाच्या शोधात निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले येथे शिकतात. घरातील बोली एक, शाळेचे माध्यम दुसरे आणि महाविद्यालयातील पुस्तक इंग्रजी, असा प्रवास त्यांतील अनेकांना करावा लागतो. वर्गात समजले नाही तर घरी समजावून सांगणारे कोणी असेलच असे नाही. जुन्या समजुतीचा जो आधार होता, तोच येथे नाहीसा झाला आहे. अशा विद्यार्थ्याला कोठे अडले, हे ओळखणे ही केवळ विद्वत्तेने साधणारी गोष्ट नव्हे; ती शिकावी लागते आणि अनुभवी अध्यापकाच्या नजरेखाली तिचा सराव करावा लागतो.

पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. ज्या विद्यापीठाने हे नाव धारण केले, त्याने आपल्या सर्व अध्यापकांना, मग ते कायम असोत वा तासिका तत्त्वावरील असोत, वर्गात पाठविण्यापूर्वी शिकविण्याचे शिक्षण द्यावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.