शिंगाची दौत आणि लाल फीत

फाजील पांडित्य आणि फाजील औपचारिकपणा यांना हिणवणारे शब्द इंग्रजी भाषेत बरेच आहेत. कोशात ते एकाखाली एक वाचले तर घटकाभर करमणूक होते. पण ते केव्हा निघाले आणि कोणाला उद्देशून निघाले हे पाहू लागले म्हणजे आम्हांला त्यांत साध्या माणसाच्या एका जुन्या तक्रारीचा इतिहास दिसतो. ती तक्रार अशी की, ज्या कागदावर आमचे बरेवाईट ठरते, तो आम्हांला समजेल असा का लिहीत नाहीत?

प्रथम सोळाव्या शतकातील इंग्लंड पाहू. छापखाना रुळला होता, लॅटिन-ग्रीकचे अध्ययन वाढले होते आणि विद्वान मंडळी लॅटिन शब्द भराभर इंग्रजीत आणीत होती. त्यांतले काही गरजेचे होते, काही नुसते मिरवण्याचे. अशा शब्दांना लोक 'इंकहॉर्न टर्म्स' म्हणू लागले. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. जो शब्द कोणाच्या तोंडी नाही, केवळ दौतीतून निघाला, तो दौतीतला शब्द! १५५३ साली टॉमस विल्सन याने वक्तृत्वकलेवरील आपल्या ग्रंथात असल्या शब्दांनी ठासून भरलेले एक अर्जवजा पत्र थट्टेने छापले. गंमत अशी की, त्या पत्रातला 'सेलिब्रेट' हा शब्द आज आपल्या गल्लीतली मुलेसुद्धा वापरतात. म्हणजे शब्द परका किंवा अवघड असणे हा काही कायमचा दोष नव्हे. लोकांनी उचलला की तो लोकांचा होतो. ऐकणाऱ्याला कळणार नाही हे ठाऊक असून, किंबहुना कळू नये म्हणूनच जो वापरला जातो, तो खरा दौतीतला शब्द.

त्याच शतकाच्या अखेरीस 'पेडंट' हा शब्द इंग्रजीत आला. तो मूळचा इटालियन, आणि त्याचा अर्थ होता शाळामास्तर. शिक्षकासारख्या मानाच्या माणसाचे नाव शिवी कसे झाले? शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या १५९८ साली छापलेल्या नाटकात त्याचे उत्तर सापडते. त्यात होलोफर्नीस नावाचा शाळामास्तर आहे. त्याला एक गोष्ट एका शब्दात सांगताच येत नाही. त्याची आणि त्याच्या सोबत्यांची भाषा ऐकून कॉस्टर्ड हा खेडवळ गडी 'होनोरिफिकाबिलिटुडिनिटाटिबस' असा सत्तावीस अक्षरी लॅटिन शब्द त्यांच्या तोंडावर फेकतो आणि प्रेक्षक हसतात. विद्येला येथे कोणी हसत नाही. विद्येचा बडेजाव करून समोरच्याला लहान करण्याची जी खोड, तिला हसतात. आपल्याकडे दासबोधात पढतमूर्खाच्या लक्षणांसाठी एक अख्खा समास खर्ची पडला आहे, तो उगाच नव्हे.

पुढे पंडिताची जागा कचेरीने घेतली. इंग्लंडात वकिलांचे व सरकारचे कागद तांबड्या फितीने बांधीत. ही फीत म्हणजे 'रेड टेप'. एकोणिसाव्या शतकात कार्लाइल आणि डिकन्स यांनी तिच्यावर कोरडे ओढले, आणि साध्या फितीचे नाव दिरंगाईचे नाव होऊन बसले. क्रिमियाच्या युद्धात सरकारी गोंधळामुळे सैनिकांचे हाल झाले, त्याच सुमारास, १८५५ ते १८५७ या काळात, डिकन्सची 'लिटल डॉरिट' ही कादंबरी प्रसिद्ध होत होती. काम कसे करू नये याचेच शास्त्र बनवलेली एक कचेरी तीत आहे. मराठीत आपण 'लालफीत' म्हणतो, ती हीच. साहेबाचे राज्य गेले, फीत राहिली!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने या मालिकेत भर घातली. टेक्सासचे मॉरी मॅव्हरिक हे लहान युद्धकारखान्यांसाठी नेमलेल्या सरकारी महामंडळाचे अध्यक्ष होते. खात्यातली फुगीर भाषा वाचून ते इतके कंटाळले की, १९४४ साली त्यांनी तिला 'गॉबल्डिगुक' असे नाव दिले. टर्की कोंबडा छाती फुगवून जो आवाज काढतो, त्यावरून ते सुचले. 'ॲक्टिव्हेशन' किंवा 'इम्प्लिमेंटेशन' हे शब्द वापरणाऱ्याला गोळी घालू, असा विनोदी दमही त्यांनी आपल्या कचेरीला दिला होता. दुसरा शब्द आज आपल्याकडच्या कचेऱ्यांतही सुखाने नांदतो आहे.

नुसत्या थट्टेने कागद सुधारत नाही. लिव्हरपूलच्या ख्रिसी माहेर या बाईंना बालपणी धड शाळा मिळाली नव्हती. वाचायला त्या बऱ्याच उशिरा शिकल्या. गरिबांना मदतीसाठी भरावे लागणारे सरकारी फॉर्म गरिबांनाच कळत नाहीत हे पाहून १९७९ साली त्यांनी लंडनला पार्लमेंटसमोरच्या चौकात तसल्या कागदांच्या चिंध्या केल्या आणि सोप्या इंग्रजीची चळवळ उभारली. येथे तक्रारीचे आंदोलन झाले.

मात्र नियम म्हटला की तो वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. नियमावर अडून बसणाऱ्याला इंग्रजीत 'स्टिकलर' म्हणतात. हा शब्द पूर्वी कुस्तीच्या पंचाला लावीत. पंचाने नियम धरला नाही तर दुबळ्या मल्लाने कोणाकडे पाहावे? कामगारांनी तर नियमाचेच हत्यार केले. १९०५ साली इटलीतील रेल्वे कामगारांनी नियमपुस्तकातले प्रत्येक कलम अक्षरशः पाळले आणि गाड्या रखडल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीत या लढ्याला 'वर्क टु रूल', म्हणजे नियमानुसार काम, हे नाव रूढ झाले. नियम लिहिणाऱ्यांनाही ते सगळे पाळले जावेत असे वाटत नव्हते, हे त्यातून उघड झाले.

भारतात १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. कारखान्याचे मंजूर आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, त्यांच्या येण्याजाण्याच्या दाराजवळ फलकावर लावावेत, असे बंधन त्याने मालकांवर घातले. कायद्याच्या भाषेला स्वतः कायद्यानेच घातलेली ही वेसण होती. पण फलकापाशी थांबून वाचणारा माणूस नसेल तर वेसण कोणी ओढावी? म्हणून आम्ही सभांतून नेहमी एवढेच सांगतो की, कळल्यावाचून सही करू नये, आणि कळले नाही तर विचारण्याची लाज बाळगू नये. लाज वाटायची असेल तर ती लिहिणाऱ्याला वाटावी.