बंगळुरातले मराठी बिऱ्हाड

सतराव्या शतकाच्या मध्यास जयराम पिंड्ये नावाचा एक कवी नाशिककडून आश्रयाच्या शोधात बंगळुरास आला. शहाजीराजांच्या भेटीस गेला तेव्हा त्याने त्यांच्यापुढे बारा नारळ ठेवले. बाराच का, असे विचारले गेले, त्यावर आपण बारा भाषांत काव्य रचतो असे त्याने सांगितले. या भाषांत मराठी होती, हिंदुस्थानी, गुजराती आणि पंजाबी होती, तशी कन्नडही होती. हा प्रसंग त्याच्याच ‘राधामाधवविलासचंपू’त येतो. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ 1922 मध्ये प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून अभ्यासक त्यात शहाजीराजांचा दरबार शोधत आले आहेत. परंतु हाच प्रसंग परमुलखात बिऱ्हाड मांडू पाहणाऱ्या माणसाच्या बाजूनेही वाचता येतो. जयरामाजवळ सनद नव्हती, तलवार नव्हती. नव्या गावाच्या उंबरठ्यावर उभे राहताना त्याने पुढे केल्या त्या भाषा.

‘बिऱ्हाड’ हा शब्दही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. मराठीतली ‘बिढार’, ‘बिऱ्हाड’ ही रूपे आणि कन्नडातला ‘बिडार’ ही एकाच कुळातली दिसतात. घर आणि बिऱ्हाड यांत मराठी माणूस भेद करतो. घर वाडवडिलांचे असते; बिऱ्हाड पाठीवर घेऊन येता येते आणि उद्या हलवावेही लागते. बंगळुरातील मराठी माणसांचा इतिहास हा बिऱ्हाडाचे घर कसे झाले याचा इतिहास आहे. आणि तो एकदाच घडलेला नाही.

पहिल्या केंपेगौडाने 1537 मध्ये वसविलेल्या या गावावर विजापूरच्या फौजा 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या सरदारकीखाली चालून आल्या. केंपेगौडाच्या वंशजाला मागडीकडे सरकावे लागले आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जिजाबाई आणि बालशिवाजी येथे काही काळ राहून पुण्यास परतले. शहाजीराजे मात्र कर्नाटकातच राहिले आणि 1664 मध्ये होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी अपघात होऊन वारले. त्यांची समाधी तेथेच आहे. पुढे एकोजीराजे या जहागिरीचे धनी झाले. त्यांच्या काळातला 1669 चा एक शिलालेख मल्लेश्वरमच्या काडुमल्लेश्वर मंदिराशी निगडित आहे. मल्लपुरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची त्यात नोंद आहे. लेख कन्नडात आहे. सत्ता हाती असलेल्या मराठी राजाने ज्या रयतेसाठी दान दिले, तिला वाचता येईल अशा भाषेत ते कोरविले. व्यवहारी शहाणपण म्हणून हे सोडून देता येईल. पण परगावी टिकून राहण्याचे पहिले सूत्र या दगडावर लिहिलेले आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

राज्य मात्र टिकले नाही. एकोजीराजांनी तंजावरात आपली गादी स्थापन केली. 1687 मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर घेतले आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. अवघी पन्नास वर्षेही न भरलेली ही सत्ता. इतिहासाची पुस्तके येथे पान उलटतात आणि मराठ्यांबरोबर तंजावरास जातात. जी माणसे गेली नाहीत, त्यांच्यापाशी थांबायला कोणी नसते.

ती माणसे पेटेत होती, पुढच्या काळात आणखीही येत राहिली. बंगळूरची पेटे म्हणजे धंद्यांनी आखलेले गाव: कुंभारांची कुंभारपेट, तेल्यांची गाणिगरपेट, कापसाची अरळेपेट. 1800 मध्ये फ्रान्सिस बुकॅनन येथे आला तेव्हा त्याने विणकर, रंगारी आणि व्यापारी यांच्या कामाचे बारकाईने वर्णन केले. या कापडाच्या गावात मराठी बोलणाऱ्या भावसार रंगाऱ्यांना आणि नामदेव शिंप्यांना जागा मिळाली ती त्यांच्या हातांतल्या कामामुळे. विणकर एका भाषेचा, कापड विकणारा दुसऱ्या, रंगवणारा तिसऱ्या. भाव कन्नडात ठरे, घरात मराठी चाले, आणि गिऱ्हाइकासाठी तेलुगू-दखनीही जिभेवर असे. त्यांनी विठोबाही बरोबर आणला. पण तो येथे परका नव्हता. ज्ञानदेवांनी ज्याला कानडा म्हटले आणि पुरंदरदासांनी ज्याचे नाव आपल्या प्रत्येक पदाच्या शेवटी मुद्रा म्हणून घातले, तो देव दोन्ही भाषांचा होता. आलेल्यांना शेजार मिळाला, त्यात या देवाचाही वाटा आहे.

यानंतरचे बिऱ्हाड दक्षिणेकडून आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तंजावरच्या मराठी घराण्यांतील शिकलेली मंडळी एकोणिसाव्या शतकात ठिकठिकाणच्या संस्थानांत कारभारी झाली. म्हैसूरच्या दिवाणगिरीवर 1906 ते 1909 या काळात व्ही. पी. माधवराव होते, त्यांच्यामागून 1912 पर्यंत टी. आनंदराव. आनंदराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथील दिवाण सर टी. माधवराव यांचे पुत्र. आनंदरावांनंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले. बंगळूरच्या गर्दीत आजही लोक ‘आनंदराव सर्कल’ म्हणून बस पकडतात. या नावामागे तंजावरचे मराठी घर आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. कावेरीच्या काठी दोन शतके राहिलेल्या या मराठीत तमिळ इतकी मुरली होती, की पुण्याच्या माणसाला ती ऐकताना क्षणभर थबकावे लागे.

1898 च्या प्लेगने पेटे हादरली आणि दाट वस्तीतली माणसे मोकळ्या जागेकडे निघाली. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती त्याच दशकात आखल्या गेल्या. ज्या मल्लपुरच्या देवाला एकोजीराजांनी गाव दिले होते, त्याच देवावरून मल्लेश्वरमला नाव मिळाले. या वसाहतींच्या आखणीत जातवार विभागणी होती हे विसरता येत नाही. नव्या शहरानेही जुन्या भिंती बरोबर आणल्या. पण भाड्याने राहणाऱ्यांचे जग थोडे निराळे होते. एका अंगणाभोवती ओळीने खोल्या, सामाईक नळ आणि पुढच्या भागात मालक, अशा ‘वठारां’त कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मराठी बिऱ्हाडे शेजारी आली. पुण्याच्या वाड्यातून आलेल्याला ही रचना ओळखीची वाटावी. नळावरच्या रांगेत भाषा शिकावी लागते. तेथे वही-पुस्तक लागत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर शहराला कारखान्यांनी बोलावले. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत विमानाचा कारखाना येथे उभारला. कोल्हापूर जिल्ह्यातून गटिंगेनला प्रान्टल यांच्यापाशी शिकून आलेले डॉ. वि. मा. घाटगे प्रथम भारतीय विज्ञान संस्थेत शिकवीत, पुढे त्यांनी याच कारखान्यात एचटी-2 या विमानाची रचना केली. ते 1951 मध्ये आकाशात गेले. दूरध्वनी, यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे सरकारी कारखाने त्यामागोमाग आले, 1949 मध्ये शहर आणि कॅन्टोन्मेंट या दोन नगरपालिका एक झाल्या, आणि देशभरची माणसे येथे नोकरीस लागली. याच शहरात 1950 मध्ये एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड जन्मले. ते बसचे वाहक झाले, तिकिटे कन्नडात फाडली आणि रजनीकान्त या नावाने तमिळांचे नायक झाले. हे उदाहरण असामान्य माणसाचे असले तरी तीन भाषांतली ती ये-जा बंगळुरात अगदी सामान्य आहे.

1991 नंतर संगणकाच्या धंद्याने जी लाट आणली, तिने पुणे-नागपूर-कोल्हापूरची तरुण मुले येथे आली. त्यांना घर शोधताना प्रथम अडते ते आगाऊ रकमेपाशी; दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मागण्याची येथील रीत बराच काळ प्रसिद्ध होती. पैसा उभा राहतो. शेजार उभा राहण्यास वेळ लागतो. उंच इमारतींत नळावरची रांग नाही, आणि इंग्रजी-हिंदीवर वर्षानुवर्षे निभते. मग दहा वर्षे राहूनही बिऱ्हाड ते बिऱ्हाडच राहते. आणखी एक विपरीत गोष्ट घडते. आपल्याआधी येथे मराठी कोणी नव्हते, असे नव्याने आलेल्याला वाटते. पेटेतल्या वृद्ध शिंप्याचे कन्नड वळणाचे बोलणे कानी पडले तर त्याला ते बिघडलेले मराठी वाटते. जे बोलणे तीन शतके परमुलखात जगले, त्याला अशुद्ध म्हणणे म्हणजे घरातल्या आजोबांना पाहुणा समजण्यासारखे आहे.

उलट बाजूही लपविण्यात अर्थ नाही. सामावून जाण्याची किंमत मराठीने मोजली आहे. अनेक घरांतली नातवंडे ती समजतात, बोलत नाहीत. लिहिणारे तर बोटांवर मोजण्याइतके. देवापुढच्या अभंगात आणि नात्यांच्या हाकांत ती उरते. शिवाय सीमेचा वाद मधून मधून या शांत शेजारावर सावली टाकतो. डिसेंबर 2021 मध्ये बंगळूरच्या सदाशिवनगरातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर काळे फासले गेले आणि बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. त्या दिवसांत ज्याच्या घरात मराठी आणि दुकानात कन्नड आहे, त्याने कोणत्या पुतळ्याची बाजू घ्यावी? ज्या शहरात शिवाजी महाराजांचे वडील राहिले आणि भावाने कन्नडात दान कोरविले, तेथे हा प्रश्न विचारला जावा, हीच खेदाची गोष्ट.

2011 च्या जनगणनेत बंगळूर शहर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी होते. तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मल्याळम यांच्या गर्दीत मराठीचा वाटा अगदी लहान. अशा शहरात कोणाचीच भाषा एकटी पुरत नाही. जुन्यांना हे उमगले होते: रंगाऱ्याला बाजारात, दिवाणाला कचेरीत, कारखान्यातल्या माणसाला वठारात. जयरामाच्या बारा नारळांतला एक कन्नडाचा होता, आणि मराठीचाही एक होता. येथे येणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढे दोन तरी नारळ उंबरठ्यावर ठेवावेत. त्यांतला कोणताही एक उचलून ठेवला तर भाड्याची खोली मिळेल. घर मिळेलच असे नाही.